पंपमामाचं फडकं

पंपमामाच्या खिशात फडकं नाही असा दिवस कुणी पाहिला नव्हता. जन्मभर पेट्रोल भरलं त्या माणसानं. नळी काढली की फडकं, टाकीचं झाकण लावलं की फडकं, कुणी तान्हं पोर दाखवायला आणलं तरी आधी हात पुसायला तेच. बायको, म्हणजे मामी, ते फडकं दोन बोटांत धरून धुवायची आणि बाकीच्या कपड्यांपासून लांब, भांडण झाल्यासारखं वाळत घालायची.

मामाला स्वतःला पेट्रोलचा वास यायचा बंद होऊन जमाना लोटला होता. माशाला कुठं पाण्याचा वास येतो?

तर झालं काय, नवा रस्ता पलीकडून गेला, गाड्या तिकडं वळल्या, आणि पंप बंद करावा लागला. जमिनीत पुरलेल्या टाक्या क्रेननं उपटल्या. दोन धडधाकट निघाल्या. तिसरीच्या बुडाला मात्र गंजून भोक, अंगठा जाईल एवढं. खालची माती काळीनिळी. क्रेनवाला नाकाला रुमाल लावून मागं सरकला. मामा खड्ड्यावर वाकून म्हणाला, "मला तर काही येत नाही बुवा."

म्हणाला खरं, पण नजर उताराकडं गेली. खड्ड्याच्या खालच्या अंगाला, उतारावर, आक्काची विहीर होती. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. तिचा नवरा गेला तेव्हा मामानंच तिला इथं आणलं, "माझ्या शेजारी राहा, इथं पाणी झकास लागेल" म्हणून विहीर खणायला लावली. त्या पाण्यावर आक्कानं रोपांचा धंदा उभा केला. गुलाब, लिंबू, जाई. आता त्या विहिरीत पेट्रोल गेलं असेल, तर विहिरीला कुलूप आणि रोपांचं वाळवण. या वयात आक्कानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

मग माती तपासणारी मॅडम आली. मॅडम कसली, मामाच्या धाकट्या लेकीच्या वयाची पोरगी. तिनं यंत्रानं जमिनीत भोकं पाडली, त्यात नळ्या सोडल्या. टेबलावर लहान लहान बाटल्या मांडल्या आणि मामाला समजावलं, की यातल्या काही बाटल्या नळ्यांच्या पाण्यानं भरायच्या, एक आक्काच्या विहिरीची, एक तुमच्या अंगणातल्या हातपंपाची. काठोकाठ भरायची, आत बुडबुडासुद्धा राहता कामा नये.

"आणि ही शेवटची?"

"तिच्यात मी सोबत आणलेलं शुद्ध पाणी भरणार. ती साक्षीदार, मामा. तिच्यात पेट्रोल निघालं, तर चूक आपली, जमिनीची नाही."

मामाला हे फार पटलं. पोरगी नळीत फीत सोडून पाणी किती खोल आहे ते बघायला गेली आणि टेबलावर धूळ उडाली. मामाचा जीव राहतोय का? कामाला आलेल्या लेकराला धुळीची भांडी द्यायची? त्यानं एकेक झाकण उघडलं, बाटलीचं तोंड पुसलं, फडक्याचं टोक आत घालून एक फेर दिला, झाकण लावलं. साक्षीदाराला तर दोन फेर दिले.

आठवडा गेला. एका संध्याकाळी प्रयोगशाळेतून फोन आला, आक्काच्या विहिरीच्या पाण्यात पेट्रोल आहे, तूर्त वापरू नका, सगळा अहवाल सकाळी मॅडम घेऊन येतील.

मामा स्वतः सांगायला गेला. आक्का झारी घेऊन गुलाबांपाशी उभी होती. सगळं ऐकून घेतलं तिनं, आणि झारी खाली ठेवली.

"शिव्या दे की," मामा म्हणाला.

"तू काय मुद्दाम केलंस, छोट्या?" आक्का म्हणाली. "जेवलास का?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामा घरी येऊन ताटावरून उठला.

सकाळी पोरगी आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "मामा, काहीतरी घोळ आहे. सगळ्याच बाटल्यांत पेट्रोल निघालंय. साक्षीदारातसुद्धा."

"आधी बस तर," म्हणत मामानं खुर्ची ओढली आणि सवयीनं खिशातून फडकं काढलं.

दारातून मामी ओरडली, "अहो, ते फडकं खुर्चीला लावू नका! पोरीच्या कपड्यांना वास लागेल!"

पोरगी बसता बसता थांबली. फडक्याकडं बघितलं, मामाकडं बघितलं.

"मामा, तुम्ही बाटल्यांना हात लावला होता?"

"छे छे! हात कशाला लावीन? फडक्यानं पुसल्या."

 मग मामी पदर तोंडाला लावून अशी हसली, की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!" पोरगीही हसली, पण कान धरून. "चूक माझीही. बाटल्या सोडून जायलाच नको होतं मी."

मामा तेवढा हसला नाही. "म्हणजे आक्काची विहीर चांगली आहे?"

"ते आत्ता नाही सांगता येणार. पुन्हा घ्यावं लागेल."

दुसऱ्या खेपेला मामाला साबणानं अंघोळ घालून, धुतलेले कपडे चढवून, रस्त्यापलीकडं स्टुलावर बसवला. फडकं मामीनं जप्त केलं. रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. त्यानं ते मांडीखाली घातले. आक्का फाटकातून ओरडली, "छोट्या, हललास तर बघ!"

या वेळी पोरगी अहवाल आला तशी धावतच आली. साक्षीदार स्वच्छ. आक्काची विहीर स्वच्छ. मामानं डोळे पुसायला खिशात हात घातला, फडकं नव्हतं, बाहीनं पुसले.

"पण तुमचा हातपंप खराब निघाला, मामा. वरचा उतार आक्कांकडं आहे, जमिनीखालचं पाणी मात्र तुमच्या अंगणाकडं चाललंय. खराब माती उपसावी लागेल, आणि पाणी साफ होईपर्यंत हातपंप बंद."

प्यायला नळाचं पाणी होतं. हातपंपावर फक्त धुणं व्हायचं. मामी एकदम उठली.

"थांबा! म्हणजे वर्षभर माझ्या लुगड्यांना वास येतोय तो..."

"पाण्याचा," मामा म्हणाला. "आणि वर्षभर बोलणी खाल्ली माझ्या फडक्यानं!"

"तुमच्या फडक्यानं वन्संची विहीर बुडवली होती, ते विसरलात होय?"

तेव्हापासून मामीचं धुणं आक्काच्या विहिरीवर असतं. पाणी शेंदायचं काम मामाचं, आणि आक्कानं फाटकाला एक खिळा ठोकलाय. मामा रोज त्या खिळ्याला फडकं अडकवतो, हात धुतो, मगच आत पाऊल टाकतो. पहिली बादली वर आली की विचारतो, "आक्का, वास येतोय का गं?"

आक्का बादलीवर वाकते, आणि उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावते.