झऱ्यापुढचा रस्ता

तेओनाने नकाशा टेबलावर पसरला आणि तो उडू नये म्हणून कोपऱ्यांवर हाताला येईल ते ठेवलं: मिठाची वाटी, प्लगचा पाना, वाइनचा अर्धा भरलेला जग. चौथ्या कोपऱ्यासाठी तिने मागे न बघताच खुंटीकडे हात नेला आणि तिथली लोकरीची टोपी काढून ठेवली.

तामताने हातातलं पेन खाली ठेवलं. टोपी तिच्या बाबांची होती. ते गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. आईने व्हरांड्याला चुना दिला तेव्हासुद्धा खुंटीभोवतीची वीतभर जागा सोडून दिला होता. आणि ह्या मुलीच्या हाताला ती खुंटी न बघता सापडत होती.

"पहिला मुक्काम इथे," तेओना म्हणाली. तिच्या नखांत कितीही धुतलं तरी न जाणारं काळं तेल होतं. "नदी सोडून रस्ता वर वळतो ना, त्याच्या थोडं अलीकडे. मेंढपाळांचं खोपटं आहे, छप्पर शाबूत असतं. पहिल्या दिवशी फार ताणायचं नाही. काका म्हणायचे, गाडी तापली की वरचा माणूसही तापतो."

"असं म्हणायचे?"

"नेहमी."

"मला कधी म्हणाले नाहीत."

"तू गाडीवर कुठे होतीस?"

तेओना हे सहज बोलली. मनात काही ठेवून बोलली असती तर तामताला उत्तर तरी देता आलं असतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मकवाला, तामताची आई, कणकेच्या गोळ्यांत मेंढीचं चीज भरत होती. पुढच्या रविवारी गुरामना, तामताच्या बाबांना, जाऊन वर्ष होत होतं. आल्वानी गावातल्या सगळ्या तुश लोकांसारखंच ह्या घराचंही खरं घर वर, तूशेतीच्या डोंगरात होतं. हिवाळा खाली सपाटीवर काढायचा, उन्हाळ्यात खिंडीतला बर्फ हटला की वर जायचं. आता मेंढरं राहिली नव्हती आणि वरच्या घरात कोणी राहत नव्हतं. पण वर्षाच्या दिवशी त्या उंबऱ्यावर मेणबत्ती लागावी, दोन घोट वाइन जमिनीला मिळावी, असं मकवालाच्या मनात होतं. तिचे स्वतःचे गुडघे तो रस्ता सोसणार नव्हते.

भाड्याची जीप मिळत होती. तामताने तेच सुचवलं होतं. पण आई म्हणाली, "ह्यांची गाडी जाऊ दे वर. पाच उन्हाळे गेली, ह्या उन्हाळ्यालाही जाऊ दे."

गाडी म्हणजे शेडमधली जुनी रशियन मोटरसायकल. ती चालवता येणारी तेओना एकटीच उरली होती. तेलावीच्या बाजारात ती सुट्या भागांच्या दुकानात बसायची. गाडी उघडून जोडायला तिला गुरामनीच शिकवलं होतं. पाच उन्हाळे ती स्वतःच्या हलक्या गाडीवर त्यांच्या मागोमाग गेली होती. ती हलकी गाडी दोघींना घेऊन खिंड चढली नसती, म्हणून तेओना बाबांच्या गाडीवर पुढे बसणार आणि तामता मागे, असं ठरलं होतं.

"मागे धरायला दांडी आहे," तेओनाने कालच सांगितलं होतं. "पण वळणांवर मलाच धर. बरं पडतं."

"मी दांडी धरीन," तामता म्हणाली होती.

"पेट्रोल दोन कॅन," तेओना आता म्हणत होती. "वर भरवशाचं मिळत नाही. क्लचची तार जादा. ट्यूब. आणि खायचं काय, काकू?"

"ह्या चीजच्या कोतोरी. उकडलेली अंडी. मटण देते फडक्यात बांधून." मकवालाने पिठाचं बोट तिच्याकडे रोखलं. "आणि तुमच्या तेलावीच्या बाजारातलं डुक्करबिक्कर काही नको हं. एक तुकडासुद्धा नको."

"माहीत आहे हो, काकू. इतकी वर्षं झाली."

तूशेतीत डुकराचं मांस न्यायचं नाही, हे तामता चालायला लागायच्या आधी शिकली होती. खाली लग्नाकार्यात बाबा आवडीने खायचे. पण वर जायचं ठरलं की आठवडाभर आधीपासून घरात ते शिजत नसे. नुसतं नेलं तरच नाही, खाऊन गेलं तरी वरचे देव दार बंद करतात, वाट बिघडते, जनावर कड्यावरून जातं. एकदा तिबिलिसीचे पाहुणे त्यांच्याबरोबर निघाले होते. बाबांनी फाटकापाशी त्यांची जीप थांबवली, अख्खं सामान रस्त्यावर काढायला लावलं, आणि तळाच्या पिशवीत सॉसेजची एक कांडी निघाली ती शेजाऱ्याच्या कुत्र्याला घातली. पाहुणा हसत म्हणाला, "गुराम, देवाला काय कळतंय?" बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो वाटेत कुठेच पुन्हा हसला नाही.

"दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं," तेओनाचं बोट कागदावर चढत गेलं. "इथे दरड येते. इथे पाणी रस्त्यावरून वाहतं, दुपारी वाढतं, म्हणून सकाळीच ओलांडायचं. इथे काका उतरून माझी गाडी ढकलायचे आणि मला शिव्या द्यायचे." तिने आवाज घोगरा केला. "'अगं ए, गाडी आहे ती, म्हैस नाही, थोपटतेस काय, पेट्रोल दे!'"

मकवाला खळखळून हसली. हसता हसता पिठाच्या मनगटाने डोळे पुसले. आवाज अगदी त्यांचाच आला होता.

तामता हसली नाही. दर जुलैत तिबिलिसीतल्या चौथ्या मजल्यावर, तपासायच्या मुद्रितांच्या गठ्ठ्यासमोर बसून तिने आईचा फोन घेतला होता. "हे आणि तेओना वर गेलेत." तामता फोन ह्या कानावरून त्या कानाला लावायची आणि आईला गुडघ्यांबद्दल विचारायची. मग समोरच्या पानावरच्या ओळी बराच वेळ नुसत्याच ओळी राहायच्या. बाबा आता खिंडीत असतील. आता ओमालो गावच्या चढावर. आता त्या घरापाशी. ते तिला दाराच्या चौकटीशेजारचा दगड दाखवत असतील.

त्या दगडावर पंजा कोरला होता, घर बांधणाऱ्या पूर्वजाचा. तामता लहानपणी गालगुंड होऊन पडली होती तेव्हा बाबांनी तिचा तापलेला हात आपल्या हातात धरून सांगितलं होतं की घरातलं प्रत्येक पोर एकदा त्या पंजावर हात ठेवतं, आणि तुझा मी ठेववणार. मग रस्ता खराब होता, मग आईला भीती वाटायची, मग परीक्षा आल्या, मग नोकरी, लग्न, लग्न मोडणं. बाबा मात्र दर जूनमध्ये विचारायचे, "येतेस का यंदा?"

"पुढच्या वर्षी नक्की, बाबा."

"बरं. ते कुठे पळून जातंय?"

आणि मग ते तेओनाला घेऊन जायचे. तामताने मनातल्या मनात तेओनाचा तेलकट हात त्या दगडावर इतक्यांदा बघितला होता की आता टेबलावरचा तिचा खरा हात तिला बघवत नव्हता.

"मला वाटतं, मी जीपनेच जाते," ती म्हणाली. "एकटी."

मकवालाचं लाटणं थांबलं.

"गाडीची भीती वाटते का?" तेओनाने विचारलं. "मी हळू नेईन गं. काकांची शपथ."

"भीती नाही. ते माझं घर आहे, तेओना."

पुढे काही बोलायची गरज उरली नाही. तेओनाच्या गळ्यापासून कानांपर्यंत लाली चढली. तिने मान हलवली, मिठाची वाटी उचलली, पाना खिशात टाकला. जग बाजूला सरकवला. टोपीपाशी मात्र तिचा हात अडला. मग तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि तामतासमोर ठेवली.

"क्लच मी बदललाय नवा," ती मकवालाला म्हणाली. "पडून राहिली तरी महिन्यातून एकदा चालू करा कुणाकडून तरी."

"तामता," आई म्हणाली. एवढंच.

तामताला गप्प बसता आलं असतं. पण इतक्या वर्षांचा प्रश्न तोंडाशी आला होता, आणि तो आज विचारला नाही तर जन्मभर कुरतडणार होता.

"एकच सांग. त्या पंजावर हात ठेवलास तू?"

"कुठल्या पंजावर?"

"घराच्या. दाराशेजारचा दगड."

तेओनाने आधी तिच्याकडे, मग मकवालाकडे बघितलं. "मी घर पाहिलंच नाहीये."

"पाच वेळा गेलीस ना वर?"

"वर म्हणजे..." तिने घडी घातलेला नकाशा पुन्हा उघडला आणि बोट ठेवलं. "इथपर्यंत. हा झरा. ह्याच्यापुढे खिंडीची खडी चढण लागते. त्यापुढचं मी परवा जीपवाल्यांना विचारून लिहिलंय, हे बघ, पेन्सिलीने. तुला सांगणारच होते, पण मग वाटलं, तू म्हणशील हिला रस्ताच माहीत नाही."

झऱ्यापर्यंतचा रस्ता निळ्या शाईत होता. त्यापुढची रेघ खरंच फिकट होती, दोन ठिकाणी खोडलेली.

"मग परत का यायचात?" तामताने विचारलं.

तेओनाला आता हसावं की नाही ते कळेना. "काकांचा विसराळूपणा. दर वर्षी तेच. झऱ्यावर थांबायचो, ते डबा उघडायचे आणि कपाळावर हात मारायचे. डब्यात डुकराचं सॉसेज. 'मेलो! आता हे घेऊन वर कसं जायचं?' मी म्हणायचे, टाकून देऊ. तर म्हणायचे, अन्न टाकायचं नसतं. बसून खाऊन टाकायचे, मलाही खायला लावायचे. मग खाल्लेल्या तोंडाने वर जाता येत नाही म्हणून गाडी फिरवायचो. येताना उतरणाऱ्या मेंढपाळांकडून चीज घ्यायचो. एकदा मी म्हटलं, काका, निघताना डबा बघत का नाही? तर म्हणाले, बघायचा काय, मकवालाने भरलाय."

"मी?" मकवालाने लाटणं टेबलावर आपटलं. "मी भरलाय? वरच्या वाटेला डुकराचं, आणि मी? अगं, ह्या हातांनी उभ्या जन्मात... आणि ते, ते कधी विसर..."

"आई."

मकवालाने लेकीकडे बघितलं. तोंड उघडंच होतं.

पिठाच्या परातीवर एक माशी बसली, तिला कोणी हाकललं नाही. तामताच्या डोळ्यांसमोर तो झरा आला. पाठीमागे खिंड, तिच्यापलीकडे त्यांचं घर, आणि एक म्हातारा, देवांचं भय हाडात मुरलेला, दगडावर बसून सावकाश सॉसेज चावतोय. पाच उन्हाळे. दर जूनमध्ये 'पुढच्या वर्षी नक्की' ऐकून निघालेल्या त्या माणसाने पाचांत एकदाही स्वतःचं घर तिच्याशिवाय पाहिलं नव्हतं.

बोलली असती तर एका वाक्यात संपलं असतं. ते वाक्य तिच्याजवळ तयार होतं, आणि ते इतकं गोड होतं की तिने ते जिभेवरच धरून ठेवलं. पण ते ऐकायला समोर तेओना उभी होती. काकांचा विसराळूपणा आठवून ओठांच्या कोपऱ्यात अजून थोडं हसू होतं.

"वय झालं होतं त्यांचं," तामता म्हणाली. "विसरायचे. आईच्या नावावर खपवत होते, इतकंच."

मकवालाने परातीवरची माशी हाकलली आणि लाटणं हातात घेतलं, पण लाटलं नाही.

तामताने टोपी उचलली, क्षणभर मांडीवर धरली, आणि नकाशाच्या मोकळ्या कोपऱ्यावर ठेवली. "हे पेन्सिलीचं शाईने करून घेऊ या. खिंड उतरल्यावर काय आहे म्हणाले जीपवाले?"

"म्हणजे... जायचं?"

"तू रस्ता बघितला नाहीयेस, मीही नाही. चुकलो तर भांडायला कोणीतरी हवं."

तेओनाने नाक वर ओढलं आणि नकाशावर वाकली. पूल, ओमालो, डावीकडचा फाटा. तामता लिहीत गेली. लिहून झाल्यावर दोघी शेडकडे गेल्या आणि तेओनाने गाडी ढकलत अक्रोडाखाली आणली.

"बसून बघ एकदा. मला वजनाचा अंदाज येऊ दे."

तामता मागे बसली. पुढची सीट बसून बसून खोलगट झाली होती, कातडं झिजून करडं पडलेलं. मागची मात्र कडक होती. कोणी बसून मऊ केलेली नव्हती.

"टोचते का?" तेओनाने मान वळवून विचारलं.

"नाही."

"तेल लावायचे ह्या मागच्या सीटला काका. बसायला मात्र कुणाला द्यायचे नाहीत. मलासुद्धा."

तामताने दांडीवरचा हात काढला आणि तेओनाच्या जाकिटाची कड धरली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. कोंबड्या उधळल्या. मकवाला पिठाच्या हातांनी डोळ्यांवर सावली धरत पायरीवर आली आणि इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडली,

"डबा मी भरणार आहे! निघताना तो दोघींनी माझ्यासमोर उघडून बघायचा. ऐकलंत ना? माझ्या नावावर पुन्हा कुणी झऱ्यावरून परत यायचं नाही!"