संगणकाला शिकवलेला ळ

सोमनाथचा आवाज डॉक्टरांनी काढून घेतला तो गणपती बसायच्या थोडा आधी. कर्करोग होता, स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नव्हता. जीव वाचला. गळ्यापाशी एक भोक उरलं, त्यावर तो पांढरा रुमाल बांधायचा. ओझरच्या विमान कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात त्याने उभी नोकरी केली होती. निवृत्ती जवळच आली होती, ती त्याने लवकर घेतली.

द्वारका चौकाजवळच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो एकटाच राही. बायको, उज्ज्वला, आधीच गेलेली. मूलबाळ नाही. खाली चौकात दिवसभर ट्रकचे हॉर्न, आणि वर घरात एखादं भांडं वाजलंच तर ते त्याच्याच हातून. बोलायचं असलं की तो पाटीवर लिहायचा. पण मुका माणूस बहिराही असणार, असं लोक धरून चालतात. कोपऱ्यावरची भाजीवाली भागीबाई त्याच्या कानाशी ओरडायची, "मेथी देऊ का, मेथी?" त्याने पाटी पुढे केली की हसून म्हणायची, "मला कुठं वाचता येतं, भाऊ!" हळूहळू त्याने पाटी न्यायचं सोडलं. बोट दाखवून भाजी घ्यायची आणि घरी यायचं.

मनमाडहून त्याची थोरली बहीण, साळूबाई, दर रविवारी सकाळी फोन करायची. ती बोले, तो रिसीव्हरवर टिचकी मारी. हो असलं तर एक, नाही असलं तर दोन. "जेवतो का नीट?" टक. "दुखतं का रे?" टक टक. थोड्या वेळाने तिचे प्रश्न संपत. हो-नाहीत मावतील असे प्रश्न असून असणार किती? मग ती म्हणे, "बरं, ठेवते." तो बंद फोनकडे बघत बसे.

एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्याने घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामना वापरता येईल असा कोडचा संच, त्याच सीडीवर मिळाली. फुकट होती, आणि तिचा मूळ कोड कुणीही उघडून बदलावा अशी मुभा होती. त्याने ती सुरू केली आणि लिहिलं, साळूताई. स्पीकरमधून आवाज आला, "सालूताई."

आत हिंदीचे नियम होते. ळ नव्हताच.

बहिणीला इतक्या दिवसांनी हाक मारायची आणि तीही चुकीच्या नावाने? त्याला ते पटेना. सायबर कॅफेत जाऊन त्याने मूळ कोड फ्लॉपीवर उतरवून आणला आणि उच्चारांच्या नियमांची फाइल उघडली. तमिळसाठी कुणीतरी ळचा ध्वनी आधीच बसवला होता. तो उसना घेऊन त्याने मराठीचा नियम लिहिला. आता तो कोड आपल्या मशीनवर नव्याने बांधायचा, म्हणजे त्यातून चालणारी लायब्ररी बनवायची होती.

पहिल्याच पायरीला काम अडलं. आवाजाशी संबंधित कुठलीशी फाइल सापडत नाही, असा संदेश आला. सायबर कॅफेत जाऊन त्याने त्या लायब्ररीच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे ईमेलवरच्या चर्चागटात, विचारलं. तिथे जगभरची माणसं होती आणि सगळीच लिहून बोलत होती. पाटी तिथे प्रत्येकाच्याच हातात होती म्हणा ना. फिनलंडच्या एका बाईंनी उत्तर धाडलं: साउंडच्या पॅकेजचा डेव्हलपमेंटचा भाग वेगळा असतो, तो टाका. त्याने टाकला. मग कोड बांधणारी 'मेक' ही कमांड चालवली आणि पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. लायब्ररी बनली, जागेवर जाऊन बसली. पण प्रोग्राम चालवला तर म्हणे, लायब्ररी सापडत नाही! फोल्डर उघडलं की फाइल समोर दिसत होती, आणि कॉम्प्युटर नाही म्हणत होता.

बाईंनी पुन्हा समजावलं: नवी लायब्ररी कुठे ठेवली आहे ते सिस्टमला सांगावं लागतं. तिच्या फोल्डरचा पत्ता अमुक फाइलमध्ये लिहा आणि ही कमांड द्या. त्याने दिली. 'साळूताई' लिहून बटण दाबलं.

"साळूताई," कॉम्प्युटर म्हणाला.

सोमनाथने ते पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. बाईंना सगळं लिहावं असं त्याला वाटलं, गळ्याचं, बहिणीचं. बरंच लिहिलंही. मग ते पुसून नुसते आभार मानले.

रविवारी फोन वाजला. रिसीव्हर कानाला धरून तो स्पीकरपाशी वाकला आणि एका हाताने बटण दाबलं.

"साळूताई, मी सोमनाथ बोलतोय."

"कोण? कोण बोलतंय? राँग नंबर लागला जणू." फोन बंद झाला.

त्याने सावकाश दुसरं वाक्य टाइप केलं आणि मग तिचा नंबर फिरवला.

"ताई, ठेवू नकोस. मी सोमा. तू मला कॅनॉलमध्ये पोहायला शिकवलंस आणि आबांना सांगितलं नाहीस."

"सोमा? हा तुझा आवाज नाय रे."

"नाही. कॉम्प्युटरचा आहे. मी लिहितो, तो बोलतो."

ती रडली, मग हसली. "लय चाबरा आवाज हाय मेल्याचा!" आणि मग तिच्या बोलण्याला धारच लागली. नातीला मुलगी झाली होती. तो एका हाताने अक्षरं शोधत होता, तोवर ती पुढे गेली, "आन शेजारची तानुबाई गेली रे परवा."

"फार छान झालं," कॉम्प्युटर म्हणाला.

"आरं, छान काय?"

तो घाईने खुलासा लिहू लागला. बोटं भलत्याच कळांवर पडली, स्पीकरमधून नुसतं तुटकं काहीतरी आलं.

"थांब," साळूबाई म्हणाली. "तू लिव्हतोय नव्हं? मी गप बसते. हवा तेवढा वेळ घे."

ती खरंच गप्प बसली. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. इतक्या महिन्यांचं त्याच्याकडे साठलेलं होतं, पण आता त्यातलं काही सुचेना. शेवटी त्याने लिहिलं, "घरात फार शांत असतं, ताई." कॉम्प्युटरने ते टोमॅटोचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "तुझे दाजी गेल्यापासून हितं बी तसंच हाय. पोरं, सुना, नातवंडं, सगळी हायेत. तरी बी."

सोमनाथ चमकला. तिचं घर तर कायम भरलेलं. "मला कधी बोलली नाहीस," त्याने लिहिलं.

"तू इचारलं कुठं?"

त्याने कळांवरचं बोट क्षणभर उचललं, मग एकेक अक्षर नीट बघून दाबलं.

"आता विचारतो. कशी आहेस तू?"

"आता काय सांगू," ती म्हणाली, आणि सांगू लागली. त्याने कीबोर्ड बाजूला सारला आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ऐकत बसला.