पाणी चाखायचं कुणी

बोटीवर राहायला येताना बायकोने एकच अट घातली होती. "हलणं चालेल. वाकून स्वयंपाक चालेल. तुमचं घोरणं हातभर अंतरावर आलं तरी चालेल. पण ज्या दिवशी पाणी आत येईल, त्या दिवशी मी ताईकडे जाणार. परत यायची नाही."

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. जमिनीवर राहते, त्यातही दुसऱ्या मजल्यावर. तिच्याकडे एक खोली कायम झाडूनपुसून तयार. लोक पाहुण्यांसाठी खोली ठेवतात, ताईने माझी बोट बुडायची वाट बघत ठेवलीय.

आणि इकडे पंप वाजत होता.

पंप म्हणजे बोटीच्या पोटातला. पायाखालच्या फळ्यांच्या खाली एक खळगा असतो. तिथे पाणी साचलं की हा गडी आपोआप सुरू होतो आणि बाजूच्या भोकातून पाणी बाहेर फेकतो. घर्रर्र, मग एक उचकी, मग गप्प. तो गप्प झाला की मी सुरू. आतल्या आत.

थंडीभर बोट धक्क्यावर टेकूंवर चढवून ठेवली होती. ऊन तापायला लागलं तसं आम्ही दोघांनी कंबर कसली. तळ खरवडला, चिकटलेले शिंपले काढले, रंग दिला, डोलकाठीला व्हार्निश मारलं, बायकोने शिडाला ठिगळं लावली. गोड्या पाण्याची टाकी धुतली, तिची नळी नवी बसवली. नळीचं काम मी एकट्याने केलं, शीळ घालत. मग क्रेनने उचलून बोट पाण्यात.

लाकडी बोट थंडीत सुकते, फळ्या आक्रसतात, त्यामुळे पाण्यात उतरवल्यावर थोडी पाझरतेच. सुतार म्हणाला, "दोन-तीन दिवस. लाकूड फुगलं की भेगा आपोआप बुजतात." ते दोन-तीन दिवस बायको पाहुणी म्हणून ताईकडेच होती. परत आली तेव्हा मी सांगून टाकलं, "ठणठणीत कोरडी!" लाकूड फुगायचं राहिलं आणि छाती फुगली. त्याला आता बरेच दिवस होऊन गेले होते आणि पंप वाजायचा थांबत नव्हता.

बाहेरून बघाल तर आमच्यासारखं सुखी कुणी नाही. सगळं बंदर उन्हात पसरलेलं. कुणी दोर गुंडाळतंय, कुणी पितळ घासतंय, कुणी नुसतंच पाय हलवत बसलंय. मी डेकवर खुर्चीत, तोंडावर टोपी, पोटावर चहाचा कप. जाणारे-येणारे म्हणायचे, "मजा आहे बुवा!" टोपीखाली माझे कान मांजरासारखे ताठ. घर्र झालं की मी खोकायचो. जोरात, अगदी पंपाच्या उचकीपर्यंत पुरेल इतकं.

"खोकला फार वाढलाय हो," बायको म्हणाली आणि एक कडू औषध घेऊन आली. आजारी पंप, औषध मी पितोय. तेही दिवसातून तीनदा, तिच्यासमोर, जीभ बाहेर काढून दाखवायची.

त्यात टाकीची भानगड. पूर्वी आठवडाभर पुरायची, आता मधेच खडखडाट. धक्क्यावरून पाइप ओढून भरायची मीच. माझं डोकं आधीच फिरलेलं.

"अगं, आंघोळ करतेस की हत्ती धुतेस?"

"अर्धी बादली घेते! मोजून!"

"मग बादलीला तळ नसेल."

ती दुसऱ्या दिवसापासून टॉवेल खांद्यावर टाकून धक्क्यावरच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायला लागली. तिथे कायम रांग. मला वाईट वाटलं, पण पंपाची काळजी एवढी होती की वाईट वाटायला जागा शिल्लक नव्हती.

शेजारच्या बोटीवर कप्तान राहतो. त्याची बोट कित्येक वर्षांत बंदराबाहेर गेलेली नाही, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणतात. गेल्या वर्षी मी त्याची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी त्याच्याच डोलकाठीवर चढवली होती. दिवसभर तो त्या चड्डीकडे बघून लोकांना वाऱ्याची दिशा सांगत होता. तेव्हापासून माझ्यावर डूख धरून आहे.

"काय रे," तो त्याच्या कठड्यावरून ओरडला, "तुझी बोट फार मुतायला लागलीय!"

"हळू बोल की!" मी उडी मारूनच त्याच्याकडे गेलो. "बायको खाली आहे."

"म्हणजे वहिनींना माहीत नाही?" त्याचे डोळे चमकले. "अरे वा. खारट आहे की गोड?"

"काय?"

"पाणी. बोट घालून चाटायचं. खारट लागलं तर समुद्र आत येतोय, सामान बांध. गोड लागलं तर तुझ्याच घरचं कुठलं तरी गळतंय. चाखलंस?"

"बघतो सवडीने."

"फाटली तुझी," कप्तान म्हणाला आणि खुशीत हसत राहिला.

खरं होतं. मी पोलिसाची टोपी पळवलेला माणूस. सासऱ्यांच्या तपकिरीत मिरपूड घातलेला माणूस. पण त्या खळग्यात बोट बुडवून जिभेला लावायची माझी हिंमत होईना. दोनदा फळी उचलली, दोनदा बोट ओलं केलं आणि विजारीला पुसलं. जोवर चाखलं नाही तोवर ते नुसतं पाणी होतं. एकदा खारट लागलं की ती गेली, आणि ती गेली की ही बोट म्हणजे एक तरंगतं कपाट, त्यात मी.

मग रविवारी ताई जेवायला आली. "डागडुजी झाली ना, बघू तरी," म्हणत शिडीवरून उतरली ती निरीक्षकासारखी. पाहुणी येणार म्हणून मी सकाळीच टाकी काठोकाठ भरली होती. आणि पंपाचं बटण बंद करून ठेवलं होतं. तासाभराचा तर प्रश्न, म्हटलं. जेवेल, नावं ठेवेल, जाईल.

ताई सावकाश जेवते. एकेक घास बत्तीस वेळा चावते आणि मधे बोलते.

"खोलीला नवे पडदे लावलेत गं. गॅलरीत ऊनही छान येतं."

"हो का?" बायको म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"तुला तिथे निवांत आंघोळ तरी करता येईल. रांगेत उभी असतेस म्हणे."

माझा घास फिरायला लागला. कान पायाखाली. पंप बंद, त्यामुळे शांतता, आणि त्या शांततेत खाली काहीतरी डुचमळत होतं. मी विनोद सांगायला घेतला, शेवट विसरलो. आज मुद्दाम खोकायची गरज नव्हती, तर खरा ठसका लागला.

"जावईबापू, घाम का फुटलाय तुम्हाला?" ताईने विचारलं. मग तिने टेबलाखाली बघितलं. "आणि माझा मोजा का ओला झालाय?"

फळ्यांच्या फटीतून पाणी वर येत होतं. अगदी शांतपणे, पाहुण्यासारखं.

"झालं!" ताई उठून उभीच राहिली. "बॅग भर तू. मी सांगितलं होतं."

बायकोने ताट बाजूला सारलं. खाली बसली, फळी उचलली. खळगा तुडुंब. माझ्याकडे तिने असं बघितलं की मी जन्मात कुणाची खोडी काढली नसती तर बरं झालं असतं, असं वाटलं. मग तिने बोट बुडवलं आणि सरळ जिभेवर ठेवलं.

मी डोळे मिटले.

"गोड आहे," ती म्हणाली.

ती उठली, टाकीचं कपाट उघडलं, आत हात घातला. माझ्या नव्या नळीचं टोक टाकीपासून अर्धं निसटलेलं, धार लागलेली. क्लॅम्प नुसताच गळ्यात घातलेला, आवळलेलाच नाही. तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, चार वेळा फिरवला. धार थांबली.

"हत्ती सापडला," ती म्हणाली.

"अगं, मी..."

"पंप बंद कुणी केला?"

"मी."

"आणि तो खोकला?"

तिकडून कप्तानाचं खिदळणं ऐकू येत होतं. मेल्याने कान लावले होते.

"चल गं," ताई म्हणाली. "खोली तयार आहे."

"समुद्र आत आला असता तर आले असते, ताई. हे आमच्याच टाकीतलं पाणी आहे. बोट चांगली आहे. तिचा तळ मी खरवडलाय, मला माहितीये." तिने पंपाचं बटण दाबलं. घर्रर्र. मी सवयीने खोकलो. तिने तो खोकला पूर्ण होऊ दिला. मग म्हणाली, "पण खोली तयार आहे म्हणतेस तर रिकामी कशाला ठेवायची? ह्यांना घेऊन जा. आठ दिवस. माझ्या आंघोळी राहिल्यात."

मला वाटलं, चेष्टा करतेय. तिने माझी बॅग भरली. वर औषधाची बाटली ठेवली.

आता मी दुसऱ्या मजल्यावर आहे. पडदे नवे आहेत, गॅलरीत ऊन छान येतं, आणि काही म्हणजे काही हलत नाही, त्यामुळे मला मळमळतं. दुपारी फोन आला. "टाकी भरली," बायको म्हणाली. "दोनदा आंघोळ केली. पंप अजून एकदाही वाजला नाही."

"मग मी येऊ?"

"अजून डोकं धुवायचंय," म्हणाली आणि फोन ठेवला.

तेवढ्यात स्वयंपाकघरात ताईचा फ्रिज सुरू झाला. घर्रर्र. मी खोकलो.