लाल खळीचा तळ

मित्रांनो, बारा खळ्यांची, पोपडे उडालेली, झाकणाची एक बिजागरी तुटलेली अशी मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. खळ्या म्हणजे रंगाच्या वड्या बसवायचे उथळ गोल खड्डे. एके काळी शाळेतली मुलं माझ्यात ब्रश बुडवून आंबे आणि डोंगर रंगवत. वड्या संपल्या तशी मी भंगारात गेले. तिथून, १९७४ साली, भिवंडीच्या बाजारात हौसाने मला उचललं.

हौसाची खोली दहा बाय दहाची. तिचा नवरा केसरीनाथ कापड रंगवण्याच्या कारखान्यात होता. सासू बायजाबाई, आणि गावाकडचे तीन लूम कामगारही तिथेच जेवत, झोपत. एक उठून शिफ्टला गेला की त्याच्याच वळकटीवर दुसरा आडवा होई. भिंतीला फळी एकच. त्या फळीवर कोणाचं काय किती राहील, हे बायजाबाई ठरवी.

हौसा नवऱ्या सजवायची. लग्नाआधी ती कल्याणला एका बाईंकडे कामाला होती. त्यांच्याकडूनच ती हे शिकली होती. बाईंनी दिलेल्या लिपस्टिकच्या नऊ अर्धवट नळ्या तिने पावडरच्या एका मोठ्या डब्यात जपल्या होत्या. वर्षभर सहा माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या हौसाचं स्वतःचं म्हणावं असं काम ते एवढंच.

"ह्या नळ्यांचा डबा मिठाच्या जागंवर बसलाय," बायजाबाई रोज म्हणे. "मी मीठ काय पदरात बांधून फिरू?"

"नऊच तर नळ्या आहेत, आत्या."

"नऊ नळ्या नि डबा केवढा! उद्या भंगारवाल्याला दिला न्हाय तर बघ."

म्हणून हौसाने मला आणलं. राखेने घासून उन्हात वाळवलं. केसांच्या आकड्याच्या टोकाने एकेका नळीतला रंग कोरून पळीत घेतला, स्टोव्हच्या मंद आचेवर वितळवला आणि माझ्या खळ्यांत ओतला. लाल, गुलाबी, तपकिरी, जांभळट. नऊ खळ्या भरल्या, तीन मिसळायला मोकळ्या ठेवल्या. रिकाम्या नळ्या चाळीतल्या पोरींनी शिट्ट्या म्हणून पळवल्या. मी फळीवर उभी, भिंतीला टेकून, दोन बोटं जागेत मावले. मिठाची बरणी परत आली.

"आता कसं!" बायजाबाई म्हणाली. तिच्या तोंडून एवढं येणं म्हणजे शाबासकीच होती.

दोन वर्षं मी हौसाच्या पिशवीतून फिरले. मानकोली, पडघा, अंबाडी. नवऱ्या माझं झाकण उघडताच हसत. पण मित्रांनो, गावातल्या प्रत्येक नवरीला लालच हवा असे. बाकीच्या आठ खळ्या जवळजवळ भरलेल्या, आणि लाल खळीत मात्र पत्रा दिसू लागला.

पडघ्याच्या पुढच्या एका गावात लडकूच्या मुलीचं, रंगूचं लग्न होतं. त्या सकाळी घरून निघण्याआधी हौसाने मला उघडलं. काडीच्या टोकावरही येईना एवढाच लाल उरला होता. बाजारातल्या दुकानांत तिने आधीच दोनदा विचारलं होतं, तो लाल नव्हता. कुंकू ओठांवर ठरत नाही. लाल संपला, असं नवरीला सांगणं तिच्या जिवावर आलं.

कोपऱ्यात कागदाची एक पुडी होती. बायजाबाईचं विटलेलं लुगडं रंगवायला केसरीनाथने कारखान्यातून आणलेली कापडाच्या रंगाची पूड. हौसाने चिमूटभर घेतली, मेण आणि खोबरेल यांत कालवून कोमट केली आणि माझ्या लाल खळीत भरली. मनगटावर रेघ ओढून छटा पाहिली, लगेच पुसली. छटा सुरेख होती. एवढंच तिने तपासलं.

मी अडवू शकले नाही. पेटीला फक्त झाकण असतं.

रंगूच्या ओठांवर तो लाल चढला तेव्हा पोरी म्हणाल्या, "बाई गं, पिक्चरमधली दिसतेस!" मग केस झाले, मुंडावळ्या बांधल्या. तोवर रंगू ओठ चावू लागली. वराची आत्या ठमाबाई बायकांना घेऊन ओटी भरायला आत आली, तेव्हा नवरीचे ओठ सुजून कडेला बारीक फोड उठले होते.

ठमाबाईने नारळ खाली ठेवला. "हे काय हाय? पोरीला रोग हाय नि आमच्या गळ्यात बांधताय?"

"रोग न्हाय वो," लडकू दारातून म्हणाला. "हळद बाधली आसंल."

"हळद तोंडाला बाधती व्हय? आमच्या ड्रायव्हर मोरूला सांगा, वऱ्हाडाचा ट्रक वळव."

मुहूर्त जवळ आला होता. ट्रक वळला असता तर त्या पंचक्रोशीत रंगूला पुन्हा कोणी विचारलं नसतं. हौसा भिंतीशी उभी होती. तिची बोटं पिशवीवरून माझ्या कडा दाबत होती. दोष हळदीवर नाहीतर रोगावर जात होता. गप्प राहिली असती तर तिचं नाव निघालं नसतं.

ती पुढे आली.

"रोग पोरीत नाही, माझ्या पेटीत आहे. मी कापडाचा रंग घातला."

"आता तू सारवासारव कर," ठमाबाई म्हणाली. "किती दिलं हिच्या बापानं तुला?"

हौसाने मला उघडलं. बोटाने लाल खळीतला रंग निपटला आणि सगळ्यांसमोर आपल्या ओठांवर थापला, रंगूला लावला होता त्याच्या दुप्पट. मग ठमाबाईच्या पुढ्यात घोंगडीवर बसली. "बसा तुम्ही पण. तिला जेवढा वेळ लागला, तेवढाच मला लागेल."

मांडवातला वाजंत्रीवाला थांबला. हौसाने ओठ पुसले नाहीत, चाटले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठमाबाईने दोनदा तिची हनुवटी वर करून पाहिली. तिसऱ्यांदा पाहिलं आणि हात मागे घेतला.

"उठा गं. पोरगी चांगली हाय. हिची पेटीच नासकी."

रंगूच्या ओठांना तूप लावून, पदर पुढे ओढून लग्न लागलं. आठवड्यात तिचे ओठ बरे झाले. हौसाच्या खालच्या ओठावर पांढरा डाग कायमचा राहिला. पुढच्या वर्षी लडकूच्या धाकटीचं लग्न झालं. तोच वाजंत्रीवाला होता, तोच आचारी होता. हौसाला बोलावणं आलं नाही. कुठूनच आलं नाही.

रंगूच्या लग्नाच्या रात्री केसरीनाथने नेहमीसारखे भेगाळलेले हात तेल लावायला पुढे केले होते. पाण्याने फुटतात, असंच सगळे समजत. हौसाने त्याची लाल नखं पाहिली, मग आपल्या ओठाला बोट लावलं. "तेच आहे हे. पाण्याने नाही, रंगाने," ती म्हणाली.

"मग काय करू?" तो म्हणाला. "सकाळी ड्युटी हाय."

दुसऱ्या दिवशी हौसाने माझी लाल खळी पत्रा लखलखेपर्यंत घासली आणि मला ट्रंकेखाली सरकवलं. बाकीचे आठ रंग तिथेच सुकून तडकले. मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. खळीचा तळ दिसला तर तो दिसू द्या. संपलं म्हणा. दिसायला तसंच असलेलं काहीतरी तिथे भरू नका.

फळीवर मिठाची बरणी ऐसपैस बसली आहे. शेजारी दोन बोटं जागा अजून मोकळी आहे. बायजाबाईने तिथे काहीच ठेवलेलं नाही.