वाघाची चुगली

"पायऱ्या चढून दाखवा," वार्षिक तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन वाघ निघालासुद्धा.

आमच्या अग्निशमन केंद्रात त्याला सगळे वाघच म्हणतात. पाण्याच्या पाइपचं तोंड धरून आगीत पहिला घुसणारा तो. मी मागे पाइपचा भार उचलणारा, म्हणून मी शेपूट. एकोणीस वर्षं! फोटो त्याचा, शाबासकी त्याची. माझी सख्खी मुलगी विचारते, "बाबा, आज वाघकाकांनी कोणाला वाचवलं?" तळपायाची आग मस्तकात जाते अगदी.

धुरात काही दिसत नाही, म्हणून मागच्याचा खांदा पुढच्याच्या पाठीला टेकलेला असतो. त्याचा श्वास त्याच्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक. गेले तीन महिने तो मध्येच अडकायचा. आग विझली की वाघ छाती चोळत बसायचा. "पित्त रे. कुणाला बोलू नकोस हं."

तपासणीच्या कागदावर त्यानं ठोकून दिलं. धाप लागते? नाही. छातीत दुखतं? नाही. पायऱ्याही दातओठ खाऊन चढला. साहेब खूश. "वाघ तो वाघच! पाइपचं तोंड अजून पाच वर्षं याच्याकडेच."

पाच वर्षांनी मी निवृत्त होणार होतो.

माझी पाळी आली तेव्हा मी आत जाऊन दार लोटून घेतलं. "बाई, तो खोटं बोलतोय." सगळं भडाभडा सांगून टाकलं. मैत्रीबित्री काही नव्हती मनात. मला पुढे जायचं होतं, बस्स.

बाईंनी त्याला लगेच मोठ्या तपासणीला पाठवलं. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद निघाल्या. "उष्णता, धूर, अंगावर एवढं ओझं. पुढच्या आगीत गेला असता तो," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही लोक पित्त म्हणून दडवता!"

त्याच आठवड्यात पाइपचं तोंड माझ्या हातात आलं. पहिली आग विझवून ऐटीत घरी गेलो, तर मुलगी म्हणाली, "वाघकाका कसे आहेत?"

मग गेलो हॉस्पिटलात. वहिनींनी माझे दोन्ही हात धरले. "भाऊजी, तुमच्यामुळे आमचं माणूस राहिलं हो."

वाघ उशीला टेकून बसला होता. आवाज बारीक झाला होता त्याचा. "तू चुगली केलीस हे कळलं ना, तेव्हा मला वाटलं, हा जळकुकडा माझ्या जागेवर टपलाय. तुझ्याबद्दल असं मनात यावं! लाज वाटते रे. माफ कर मला."

मी त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

"केलं," मी म्हणालो.