एकही सुई तुटली नाही

शिलाईच्या खोलीत चौदा मशिनं होती, आणि पूर्वी ती दोन रांगांत समोरासमोर मांडलेली असत. शिवता शिवता बायकांना एकमेकींची तोंडं दिसत, आणि तोंड दिसलं की ते चालायचंच. सगळ्यांत जास्त चालायचं बडबडीचं. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

पण कामात खोट नव्हती. इथे नवजात बाळांची झबली शिवली जात आणि तिथून थेट इस्पितळात जात. सुई तुटली की जिची तुटली ती "तुटली गं!" अशी आरोळी ठोकायची. चौदाही मशिनं थांबायची आणि सगळ्या जणी गुडघ्यांवर. टोक हाती लागेपर्यंत एकही बाई उठायची नाही. तुकडे जुळवून कागदावर चिकटवले की मगच डब्यातून नवी सुई मिळे.

खोली मोठ्या ताईंच्या हाताखाली होती. स्वतः अकरा वर्षं मशिनवर बसून त्या वर आलेल्या. एकदा मालक दारातून डोकावून सहज म्हणाले, "ताई, ही शिलाईची खोली आहे की गप्पांचा कट्टा?" ते बोल ताईंना असे झोंबले की दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळी मशिनं भिंतीकडे तोंड करून लावून घेतली. दारापाशी फळा टांगला. जिच्यामुळे काम थांबेल, तिचं नाव त्यावर.

"बरं झालं," बडबडी म्हणाली, "आता सासूच्या गोष्टी भिंतीलाच सांगते. निदान ती मध्ये तोंड घालत नाही."

सगळ्या हसल्या. ताई मात्र हसल्या नाहीत. "मान खाली, काम चालू," एवढंच म्हणाल्या.

फळ्यावर पहिलं नाव चढलं ते काकूंचं. वयाने त्या सगळ्यांत थोरल्या. सुई तुटली म्हणून सवयीने ओरडल्या होत्या. नाव लिहिताना ताईंचा हात जरा अडखळला, पण त्यांनी लिहिलं. काकू कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या.

त्यानंतर बायकांचा आवाज असा बंद झाला की मशिनांच्या खडखडाटाखेरीज खोलीत काही उरलंच नाही. पाचाचा ठोका पडला की त्या अर्धी शिवण तशीच टाकून उठत. "एवढी बाही संपवते गं, थांब जरा," म्हणत रेंगाळणाऱ्या याच बायका होत्या. ताईंच्या ते नजरेत आलं होतं, नाही असं नाही. पण त्यांच्या वहीत दुसरंच लिहिलेलं होतं. तीन आठवडे झाले, एकही सुई तुटली नाही. मालकांनी त्याबद्दल शाबासकी दिली तेव्हा ताईंनी नको नको म्हणत ती पदरात पाडून घेतली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना एका झबल्याची कड उसवलेली दिसली. ती शिवायला त्या बडबडीच्या मशिनवर बसल्या, आणि दोरा ओवताना हात जागीच थांबला. डब्यातल्या सुयांना मानेपाशी निळी रेघ असे. या सुईला ती नव्हती. शेजारच्या मशिनच्या सुईलाही नव्हती. ताई एकेका मशिनशी वाकून बघत गेल्या. चौदांपैकी नऊ सुया बाहेरच्या होत्या.

सुट्टी संपून बायका परतल्या, तेव्हा ताई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या.

"या सुया कुठून आल्या?"

काकू म्हणाल्या, "बाजारातून. आमच्या आम्ही आणल्या."

"का?"

"डब्यातली मागायची तर तुटलेली दाखवावी लागते. मग काम थांबतं. मग नाव लागतं."

"आणि तुटलेली टोकं?"

"बसल्या जागी चाचपून बघायचो."

"अहो काकू, बाळांच्या अंगावर जातात ती झबली!"

"आम्हाला ठाऊक नाही होय?" बडबडी एकदम म्हणाली. "मान खाली म्हणालात, मान खालीच होती, ताई."

ताई म्हणाल्या, "कुणाकुणाचं टोक सापडलं नाही? फळा गेला खड्ड्यात. नुसतं सांगा."

एकेकीने मान हलवली. आपापलं टोक त्यांना सापडलं होतं. राहिल्या काकू.

"माझं," त्या म्हणाल्या. "गेल्या गुरुवारी. गठ्ठा शुक्रवारी गेला. तेव्हापासून घास गोड लागत नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला?"

त्या एका शब्दाने ताईंचे कान तापले. त्या तडक मालकांकडे गेल्या. मालक म्हणाले, "एवढंसं टोक, इस्पितळातल्या धुण्यात पडून गेलं असेल. उगीच गाजावाजा कशाला? तुमचंच नाव जाईल." गेल्या महिन्यात ताईंनी हे ऐकलंही असतं. आज त्यांनी तिथलाच फोन उचलला आणि इस्पितळाला लावला.

तिकडे बाळांच्या खोलीतली सिस्टर होती. ताईंनी काय झालं ते सांगितलं.

"किती झबली?"

"साठ."

"त्यातली काही आत्ता अंगावर आहेत. फोन ठेवू नका."

पलीकडे धावपळ ऐकू येत होती. एक बाळ रडायला लागलं, मग दुसरं. काकू आणि बडबडी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. काकूंनी स्टूल पुढे सरकवलं, पण ताई बसल्या नाहीत. देवाचं नाव ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. काय मागायचं त्याच्याकडे? आणि कोणत्या तोंडाने?

बऱ्याच वेळाने सिस्टरचा आवाज आला. "सापडलं. बाहीच्या दुमडीत होतं."

"बाळ?"

"दंडावर ओरखडा आहे. खोल नाही. दोन दिवस आम्ही नखाचाच समजत होतो. बाळाची आई इथंच उभी आहे. हे कुणाच्या हातून झालं, विचारतेय."

फोनमधला आवाज खोलीभर ऐकू येत होता. काकू पुढे झाल्या आणि फोन घ्यायला त्यांनी हात पसरला.

ताईंनी तो हात हलकेच बाजूला केला.

"द्या त्यांना फोन," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून झालंय. मीच सांगते."