माझीच बाटली

जयवंताबाईला भोकरदनहून आणलं तेव्हा तिला बाळंत होऊन दोन तास झाले होते आणि रक्त थांबत नव्हतं. साल चौऱ्याहत्तर. नवीन जालन्यातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात रक्त काढायचं, तपासायचं काम माझ्याकडे. तिच्या गटाची एकच बाटली होती, पाच दिवसांपूर्वी काढलेली.

"कोणाचं हाय रगत?" सासू आसराबाईनं विचारलं.

"माझं."

तिनं माझ्या टेबलावरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला आणि पदर आवरून घेतला. खरं सांगतो, मी मनातून फुगलो. घ्या म्हटलं आता! नवरा मल्हारी हात जोडून म्हणाला, "चढवा साहेब, जल्दी."

बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी लाल थर बसला की वरचं पाणी पिवळसर दिसायला हवं. ते गुलाबी होतं. काच पुसली, परत पुसली. एक थेंब काचपट्टीवर घेतला, निळा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बारीक काड्यांसारखे जंतू, जिकडेतिकडे.

सांगावं तर म्हातारीच्या हाती कोलीत. न सांगावं तर सून हुडहुडी भरून दगावणार. तिकडे डॉक्टर ओरडत होते. क्षणभर वाटलं, भासच असेल. त्या क्षणाची मला अजून शिसारी येते.

मी बाटली डॉक्टरांपुढे धरली. "साहेब, हे चढवू नका. जंतू झालेत."

"म्या म्हणलंच व्हतं," आसराबाई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, रक्त चांगलं होतं! जंतू मारायला रिकामी बाटली वाफवताना लाईट गेली, मी ती तशीच उतरवली. चूक माझ्या हाताची आहे, रक्ताची नाही."

डॉक्टरांनी असं पाहिलं की नोकरी गेलीच समजलो. मी बाही वर केली. "दुसऱ्या बाटलीत परत माझंच काढा."

"अरे, पाचच दिवस झालेत."

"काढा साहेब!"

जयवंताबाई वाचली. दोन महिन्यांनी मल्हारी बाजारात भेटला.

"एकदम बराबर हाय ती. पाणी शेंदून राह्यली."

"आणि मावशी?"

"गावात सांगत फिरती, त्या दवाखान्यातल्या माणसाच्या रगतात किडे निघाल्ते म्हणून."

"मग चढवलेली बाटली कोणाची?"

"डाक्टरची, म्हणती."

"आणि तुम्ही काय सांगता?"

मल्हारीनं इकडंतिकडं पाहिलं. "चाय घेता का, भाऊ?"